ती पिढी गेल्याशिवाय काही बदलणार नाही?

ताई,
माझं वय 29. आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी असे एकत्र राहतो. बाबा 64 वर्षांचे, निवृत्त. स्वभावाने मऊ. मला शिकवलं, नोकरीसाठी परगावी राहू दिलं, कधी आडकाठी केली नाही. पण रोज रात्री बातम्या लागल्या की आमची ठिणगी पडते. मध्यंतरी समलिंगी विवाहावर चर्चा चालू होती. बाबा म्हणाले, "हा आजार आहे. उपचार करायचे सोडून हक्क कसले मागतात? समाज रसातळाला चाललाय." माझा शाळेपासूनचा एक मित्र समलिंगी आहे. बाबा त्याला लहानपणापासून ओळखतात, त्याचं फार कौतुक करतात, पण हे त्यांना ठाऊक नाही. मी इतकी चिडले की त्याचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. ते कसंबसं गिळलं आणि बाबांना "तुम्ही मागासलेले आहात" असं म्हणाले. तेव्हापासून आम्ही कामापुरतं बोलतो. आई नेहमीप्रमाणे उठून आत गेली होती. भाऊ म्हणतो, "कशाला डोकं फोडतेस? ती पिढी गेल्याशिवाय काही बदलणार नाही." ते ऐकून मला आणखीच कसंतरी झालं, कारण ती पिढी म्हणजे माझे बाबा. माणसं खरंच बदलत नाहीत का? मी बोलणंच सोडून द्यावं का?
– एक मुलगी

प्रिय मैत्रिणी,

भावाचं ते वाक्य तुला लागलं, हे मला बरं वाटलं. ते निष्ठुर तर आहेच, शिवाय बऱ्याच अंशी चुकीचंही आहे. म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहिते.

त्यात तथ्य अजिबात नाही असं नाही. माणसाची बरीचशी मतं तरुणपणी ठरतात आणि मग फारशी हलत नाहीत. समाजाचं मत बदलतं त्यात जुने लोक जाऊन नवे येण्याचा मोठा वाटा असतो, हे अभ्यासकांनी अनेक विषयांत दाखवून दिलं आहे. पण स्वित्झर्लंडमध्ये काय झालं ते बघ. 1 फेब्रुवारी 1959 रोजी तिथे स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकांत मताधिकार द्यावा का, यावर सार्वमत घेतलं गेलं. मत देणारे अर्थातच सगळे पुरुष. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी 'नाही' म्हटलं. 7 फेब्रुवारी 1971 रोजी तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, पुन्हा फक्त पुरुषांना, आणि या वेळी जवळजवळ दोन तृतीयांश लोकांनी 'हो' म्हटलं. मध्ये गेली होती 12 वर्षं. बारा वर्षांत पिढी संपत नाही. 1959 मध्ये विरोधात मत टाकून घरी गेलेले हजारो नवरे, बाप आणि आजोबा 1971 मध्ये हयात होते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांनी आपलं मत बदललं होतं.

ते कशामुळे बदललं, हे तुझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. पहिली गोष्ट म्हणजे काही प्रांत पुढे गेले. 1959 मध्येच व्हो आणि नॉशातेल या प्रांतांनी आपापल्या हद्दीत स्त्रियांना मताधिकार दिला, 1960 मध्ये जिनिव्हाने दिला. शेजारच्या प्रांतांतले लोक बघत होते. घरं मोडली नाहीत, मुलं उपाशी राहिली नाहीत. ज्याची भीती घातली जात होती तसं काही झालंच नाही, आणि डोळ्यांनी दिसलेल्या गोष्टीपुढे भीती हळूहळू टिकेनाशी झाली. दुसरी गोष्ट, स्त्रिया गप्प बसल्या नाहीत. युरोपीय मानवाधिकार करारावर सही करायची पण स्त्रियांच्या मताधिकाराची बाब वगळून, असा विचार सरकार करू लागलं, तेव्हा 1 मार्च 1969 रोजी राजधानी बर्नमध्ये हजारोंचा मोर्चा निघाला. म्हणजे बदल नुसता पिकून पडला नाही. कोणीतरी तो मागत राहिलं, आणि त्याच वेळी बाकीच्यांना तो जवळून बघायलाही मिळाला. माझ्या मते या दोन्ही गोष्टी लागतात. तुझा भाऊ दोन्हींना फाटा देऊन नुसती वाट बघायला सांगतो आहे.

(हेही सांगायला हवं की सगळे बदलले नाहीत. आपेन्झेल इनररोडेन या छोट्या प्रांतातल्या पुरुषांनी 1990 मध्येसुद्धा स्थानिक मताधिकाराला नकार दिला. तिथे अखेर त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला तो हक्क द्यावा लागला. सगळ्यांची मनं वळेपर्यंत हक्क अडवून ठेवायचे नसतात.)

आता तुमच्या घरी ज्या विषयावरून वाद झाला त्याकडे वळू. अमेरिकेत समलिंगी विवाहाला कायद्याची मान्यता असावी असं म्हणणारे लोक 1996 मध्ये 27 टक्के होते. 2021 मध्ये ते 70 टक्के झाले. सामाजिक मतं इतक्या वेगाने बदलल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. अभ्यासकांनी हे आकडे उलगडून पाहिले तेव्हा दिसलं की हा बदल केवळ तरुण मतदार आल्यामुळे झालेला नाही. त्याचा मोठा भाग आधी विरोधात असलेल्या माणसांनीच मत बदलल्यामुळे आहे. त्यांत तुझ्या बाबांच्या वयाचे, त्यांच्याहून मोठेही आले. त्यामागे एक कारण पुन्हा पुन्हा पुढे येतं. ज्यांच्याबद्दल आपण मत देतोय त्यांच्यापैकी कोणीतरी आपलं आहे, आपला भाचा, आपली सहकारी, आपल्या मुलीचा मित्र, हे लोकांना कळत गेलं. परक्याबद्दलचं मत आणि ओळखीच्या माणसाबद्दलचं मत यांत फार अंतर असतं.

म्हणजे तुझ्या बाबांना जे कळलं तर कदाचित सगळ्यात जास्त फरक पडेल, ते तुझ्याकडे आहे. आणि तू त्या रात्री ते गिळलंस. तुझ्या पत्रातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही. कारण ते सांगण्याचा अधिकार तुझा नाही. तुझ्या मित्राने ते कोणाला, कधी सांगायचं याचा हिशेब मनात अनेकदा मांडला असेल. भांडण जिंकायला त्याचं नाव वापरलं गेलं असतं, तर बाबा कदाचित हरले असते, पण एक भरवशाचं घर तुझ्या मित्राने गमावलं असतं. याबद्दल शेवटी परत लिहिते.

त्याआधी बाबांचं ते वाक्य, "हा आजार आहे." तुला ते ऐकून संताप आला, आणि यायलाच हवा होता. पण हे वाक्य त्यांनी स्वतःच्या मनातून काढलेलं नाही. तुझे बाबा कॉलेजात असतील त्या काळात जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत समलैंगिकता होती. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ती आपल्या यादीतून 1973 मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने 17 मे 1990 रोजी. त्या दिवशी बाबा तिशीच्या आसपास असणार. नोकरी-संसाराच्या धबडग्यात असलेल्या माणसाला ही दुरुस्ती कोणी येऊन सांगितली नसणार. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही 2018 मध्ये हा आजार नाही असं जाहीरपणे सांगितलं. त्यांच्या तरुणपणी जे शास्त्र म्हणून सांगितलं गेलं, तेच ते अजून धरून आहेत. म्हणून या एका मुद्द्यावर त्यांना "मागासलेले" म्हणण्यापेक्षा "बाबा, तुमच्या वेळी पुस्तकात तसंच होतं, 1990 मध्ये ते काढलं" एवढं म्हणणं जास्त खरं आहे. आणि त्यांच्यासाठी ऐकायला सोपंही, कारण त्यात ते मूर्ख ठरत नाहीत. जुनी माहिती मागे सोडता येते. स्वतःच्या तोंडाने स्वतःला वाईट माणूस ठरवणं मात्र कोणालाच जमत नाही.

पण हे बातम्या चालू असताना बोलू नकोस. माझं यावर ठाम मत आहे. त्या चर्चेची रचनाच अशी असते की दोन टोकाची माणसं समोरासमोर बसवायची आणि आवाज चढवायचा. बघणारा नकळत त्यातली एक खुर्ची पकडतो. तुझे बाबा त्या रात्री तुझ्याशी बोलत नव्हते. ते पडद्यावरच्या कोणाच्या तरी बाजूने बोलत होते, आणि तूही पडद्यावरच्या दुसऱ्या कोणाशी भांडत होतीस. शिवाय बातम्यांत येतो तो प्रसंग, निकाल, मोर्चा, एखादं भडक विधान. मतं बदलतात ती अशा काळात आणि अशा ठिकाणी, जिथे बातमी होण्यासारखं काहीच घडत नसतं. रोज रात्री बातम्या बघून समाजाचा कल ओळखू गेलं, तर बाबांसारखं "रसातळाला चाललाय" असं वाटेल किंवा तुझ्यासारखं "काहीच बदलत नाही" असं वाटेल. दोघांनाही त्याच बातम्यांनी फसवलं आहे.

मग बोलायचं कसं? याबद्दल एक गोष्ट आहे, ती मला फार मोलाची वाटते. 2014 मध्ये एक संशोधन गाजलं. घरोघरी जाऊन समलिंगी कार्यकर्त्याने काही मिनिटं बोललं की लोकांचं मत कायमचं बदलतं, असा त्याचा दावा होता. डेव्हिड ब्रॉकमन आणि जोशुआ काल्ला हे दोन तरुण संशोधक तसाच अभ्यास करायला गेले, तेव्हा त्यांना मूळ अभ्यासातल्या आकड्यांचा संशय आला. त्यांनी तपासलं, 2015 मध्ये ते उघड केलं, आणि तो शोधनिबंध मागे घेतला गेला. बहुतेकांना वाटलं, संपलं, माणसं बोलून बदलत नाहीत. पण त्या दोघांनी स्वतःचा प्रयोग पुरा केला. मायामी भागात कार्यकर्ते दारोदार गेले आणि ट्रान्सजेंडर लोकांबद्दल मतदारांशी साधारण दहा-दहा मिनिटं बोलले. 2016 मध्ये निष्कर्ष आले. सगळे बदलले नाहीत, पण पूर्वग्रह मोजता येईल इतका कमी झाला होता आणि किमान तीन महिने तो तसाच राहिला. ज्यांनी खोटा अभ्यास उघडा पाडला त्यांनीच हे दाखवलं, म्हणून माझा त्यावर जास्त विश्वास बसतो.

ते कार्यकर्ते दारात उभे राहून वाद घालत नव्हते. ते आधी विचारायचे, तुम्हाला काय वाटतं? आणि उत्तर कितीही बोचरं आलं तरी चेहरा न बदलता ऐकून घ्यायचे. मग विचारायचे, तुम्ही वेगळे आहात म्हणून तुम्हाला कधी कोणी तोडून वागवलंय का? समोरचा आठवायला लागायचा, सांगायला लागायचा. कार्यकर्ताही आपला अनुभव सांगायचा. पुढच्या प्रयोगांत असं दिसलं की ही अनुभवांची देवाणघेवाण काढून टाकली आणि नुसते मुद्दे मांडले, तर परिणाम दिसत नाही. मुद्दा ऐकला की माणूस उत्तर शोधायला लागतो. आठवण सांगताना तो काही वाचवत बसलेला नसतो.

तर तू बाबांना काय विचारू शकतेस? त्यांच्या तरुणपणी घरात कशावरून वाद व्हायचे? आजोबांचं कुठलं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं? ते पुढे कसं मिटलं? तुला परगावी राहू दिलं तेव्हा त्यांना कोणी टोकलं होतं का, आणि त्यांनी काय उत्तर दिलं? तू लिहितेस की त्यांनी आडकाठी केली नाही. मुलीच्या शिक्षणाबद्दल, तिच्या एकटं राहण्याबद्दल त्यांच्या वडिलांचं जे मत होतं, तेच यांचं नाही. म्हणजे हा माणूस आयुष्यात एकदा तरी बदलला आहे. कदाचित त्यांना स्वतःलाच ते लक्षात नाही. विचारताना मनात सापळा ठेवू नकोस, "बघा, तेव्हा तुम्ही बदललात, मग आता का नाही" असं लगेच उलटवू नकोस. खरंच ऐक. एका बैठकीत काही व्हायची गरज नाही.

आणखी एक. बैठकीच्या खोलीत माणूस जे बोलतो ते नेहमी त्याचंच असतं असं नाही. "लोक काय म्हणतील" हा विचार आपण लहानपणापासून ऐकतो, पण ते लोक खरोखर काय म्हणतात हे क्वचितच कोणी विचारतं. सौदी अरेबियात रियाधमधल्या तरुण विवाहित पुरुषांचा असाच एक अभ्यास झाला. बायकांनी घराबाहेर नोकरी करायला त्यांतल्या बहुतेकांची हरकत नव्हती, पण बाकीच्यांपैकी किती जणांची हरकत नाही याचा अंदाज त्यांतल्या बहुतेकांनी खऱ्यापेक्षा कमीच धरला होता. ज्यांना खरा आकडा सांगितला गेला, त्यांच्या बायकांनी नंतर नोकरीसाठी जास्त प्रमाणात प्रयत्न केले. कोणाचंही मन वळवावं लागलं नाही. जे एकेकाच्या मनात होतंच ते सगळ्यांना कळलं, एवढंच.

हे वाचून मला तुझ्या आईची आठवण झाली. तू लिहितेस की ती नेहमीप्रमाणे उठून आत गेली. तिला काय वाटतं हे पत्रात कुठेच नाही. तुला ते माहीत आहे का? तिची बाजू कुठली ते मी इथून सांगू शकत नाही. पण भांडण नको म्हणून गप्प राहणाऱ्याला दोन्ही बाजू आपल्याविरुद्ध मोजतात. तिला एकटीला विचार. कदाचित तुझ्या मित्राचं तिने केव्हाच ओळखलेलं असेल.

आता तुझ्या संतापाबद्दल. तो गिळून टाक असं मी सांगणार नाही. समाज आपोआप सुधारतो यावर माझा विश्वास नाही. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377चंच बघ. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, म्हणजे चार वर्षं मोकळा श्वास घेतलेली माणसं एका दिवसात पुन्हा गुन्हेगार झाली. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो भाग रद्द केला. 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, हा विषय संसदेचा आहे असं सांगून. पुढे, मागे, पुढे, आणि मग थांबून. यातलं पुढे पडलेलं प्रत्येक पाऊल कोणीतरी नाव लावून, घरच्यांचा रोष पत्करून, न्यायालयात उभं राहिल्यामुळे पडलं. आपल्याकडे र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचा प्रचार केला म्हणून 1925 मध्ये त्यांची प्राध्यापकी गेली, पुढे अश्लीलतेचे खटले अंगावर आले. त्यांनी 1927 पासून मरेपर्यंत स्वतःचं मासिक चालवलं. 1953 मध्ये ते गेले. त्याच्या आदल्याच वर्षी देशाने कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून स्वीकारला होता. वाट बघणाऱ्या माणसांनी तो दिवस आणला नाही.

तेव्हा बोलणं सोडू नकोस. फक्त मत आणि वागणूक यांत फरक कर. मत बदलायला बाबांना वेळ दे, कितीही लागो. वागणुकीला मात्र मुदत नको. त्या मित्राची किंवा दुसऱ्या कोणाची घरात टिंगल होऊ लागली, एखादा घाणेरडा शब्द आला, तर तिथल्या तिथे, शांतपणे, "बाबा, हा शब्द माझ्यासमोर नको" असं म्हणायचा तुला पूर्ण अधिकार आहे. त्यासाठी त्यांचं मत बदलण्याची गरज नाही.

आणि बाबा बदललेच, तर त्यांनी तसं कबूल करावं ही अपेक्षा ठेवू नकोस. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दल 1966 मध्ये अमेरिकेत 63 टक्के लोकांनी प्रतिकूल मत दिलं होतं. 2011 मध्ये 94 टक्के लोकांचं मत अनुकूल होतं. 1966 मधल्या त्या विरोधकांपैकी जे हयात होते, त्यांच्यातल्या किती जणांनी नातवंडांना "मी तेव्हा विरोधात होतो" असं सांगितलं असेल? बहुतेक जण नव्या मतावर असे येतात की जणू ते आधीपासून तिथेच होते. तुला ते अन्यायाचं वाटेल. तरी येऊ दे त्यांना तसंच.

उद्या करायची गोष्ट छोटी आहे. "मागासलेले" या शब्दाबद्दल बाबांची माफी माग. फक्त शब्दाबद्दल. "मुद्दा माझा तोच आहे, पण तुम्हाला असं म्हणायला नको होतं" इतकं पुरे. हा अबोला मोडायला पहिलं वाक्य कोणीतरी बोलावंच लागेल, आणि तू मला पत्र लिहिलंस म्हणजे ते तूच बोलशील असं मला वाटतं.

मित्राचं मात्र घाईने काही करू नकोस. त्याला भेट, घरी काय झालं ते सांग, आणि तुझ्या बाबांना हे कळावं असं त्याला वाटतं का ते विचार. हो म्हणाला तर कसं, केव्हा, कोणी सांगायचं हे तो ठरवेल. सांगताना तू शेजारी असावीस की नाही हेही तोच ठरवेल. नाही म्हणाला तर त्याचं नाव या विषयात पुन्हा कधी यायला नको, बाबांसमोर नाही, आईसमोर नाही, आणि भावासमोरही नाही. बाबांशी तुझं बोलणं त्याच्या नावाशिवायही होऊ शकतं.

– तुझी ताई